ग्रेडरसाहेबांच्या नाकावरचा कॉम्प्युटर

वर टांगलेला कॉम्प्युटर रोज थोडा थोडा खाली येतो आहे, ही शंका भगवानरावांना पहिल्यांदा आली ती सकाळच्या चहाच्या वेळी. आदल्या दिवशी पडद्याच्या कडेपलीकडे छतावरची आख्खी पाल दिसत होती, आज नुसतं शेपूट दिसलं. पाल सरकली असेल, असं दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं. भगवानरावांना वाटलं नाही. ‘असेल’ या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच तर त्यांना जन्मभर पगार मिळाला होता.

“अवो, हा खाली येऊन राह्यला,” ते म्हणाले.

“कोन?” विमलताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“कॉम्प्युटर.”

“येऊ द्या. च्या घेईन तोबी.”

चहा आला. तो नेहमीप्रमाणे पातळ होता. दूधवाला पाणी घालतो, हा भगवानरावांचा जुना संशय होता, पण त्या सकाळी त्यांना दुधाकडे बघायला सवड नव्हती.

भगवानराव आर्णीच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडी समोर आली की शेतकऱ्याच्या तोंडाकडे न बघता सरळ कोपरापर्यंत हात कापसात घालायचा, आतला मूठभर माल बाहेर काढायचा, सरकी दाताखाली फोडायची आणि मगच रामराम घ्यायचा, ही त्यांची पद्धत. वरून पांढराशुभ्र आणि आत वजन भरावं म्हणून पाणी मारून ओला. वरून पहिल्या वेचणीचा आणि खाली फरतड, म्हणजे शेवटच्या वेचणीचा पिवळा माल. क्वचित तळाशी दगड. संशय हा तेव्हा त्यांचा स्वभाव नव्हता, सरकारी काम होतं. स्वभाव तो नंतर झाला.

एका हंगामात कापसाच्या गंजीवर चढून ते वरचा माल तपासत असताना गंजी घसरली आणि ते नेमके जिथं कापूस नव्हता तिथं पडले. एवढ्या मोठ्या आवारात कापूस नसलेली तेवढीच जागा होती. ती कुणी रिकामी ठेवली, याचा त्यांनी दवाखान्यातून बराच तपास केला. कमरेखालचं सगळं गेलं. पाठ आणि मान सपाट असली तरच डोकं ठिकाणावर, उशी उंच केली की घेरी. कुशीवर वळायचं तर विमलताई लागत. हात मात्र शाबूत राहिले, जीभही.

त्या वर्षी कापसाचे भाव असे पडले होते की विकायला कुणाचा हात होत नव्हता. केंद्र सोमवारी उघडणार, अशी बातमी दर आठवड्याला येई आणि सोमवारी कुणीच उघडत नसे. आर्णीत घरोघरी कापूस भरून ठेवलेला. लोक कापसात जेवत, कापसात झोपत आणि अंग खाजवत बसत. भगवानरावांच्याही शेताचा कापूस मधल्या खोलीत छताला टेकला होता. त्या घरात असे दोन माल पडून होते, मधल्या खोलीत कापूस आणि पुढच्या खोलीत भगवानराव, आणि दोघांनाही कुणी विचारत नव्हतं. हे वाक्य भगवानरावांचं स्वतःचंच आहे. ते बोलून दाखवत नसत, पण त्यांना तसं वाटे आणि फार वाईट वाटे.

पडल्यापासून लोक त्यांच्याशी गोड बोलू लागले होते. ज्यांना त्यांनी केंद्रावरून रडवून परत पाठवलं होतं, ते येऊन केळी ठेवून जात. भगवानराव प्रत्येकाच्या बोलण्यात पूर्वीसारखा कोपरापर्यंत हात घालत आणि तळाशी काय आहे ते चाचपत. बहुतेक वेळा तळाशी दया निघे. दगड परवडला, असं त्यांचं मत होतं.

अशात पुण्याच्या पुतण्यानं ऑफिसातला जुना कॉम्प्युटर पाठवला. चालत नसणार, म्हणूनच पाठवला, असं भगवानरावांनी जाहीर केलं. तो चालला. मग इतका चांगला कॉम्प्युटर पोरानं फुकट का दिला, यावर एक दिवस गेला. आणि दुसऱ्याच दिवशी बसस्टँडजवळच्या छापखान्याचा परवेज येऊन बसला.

“काकाजी, तुमाले मराठी टायपिंग येते न? तुळशीचं लग्न झालं का माह्या प्रेसमंदी लग्नपत्रिकांची गर्दी होते. घरी बसल्या बसल्या...” इथं परवेज अडखळला. “म्हंजे पडल्या पडल्या, करून द्यान काय?”

“काहून? आर्णीतले टायपिस्ट मेले काय?”

“एक पत्रिका करून दाखवा. जमली तं सारी लग्नसराई तुमची.”

परवेज गेल्यावर भगवानराव छताकडे बघत राहिले. काम! पडल्यापासून त्यांना कुणी पाणी आणून दिलं होतं, औषध दिलं होतं, केळी दिली होती. काम कुणी दिलं नव्हतं. आणि लगेच मागोमाग शंका आली, की हा पोरगा आपल्यावर उपकार तर करत नाही? तसं असेल तर पत्रिका त्याच्या तोंडावर फेकायची, असं त्यांनी ठरवलं. पण फेकायलासुद्धा आधी ती तयार व्हायला हवी होती.

अडचण एवढीच, की कॉम्प्युटर स्टुलावर ठेवला तर भगवानरावांना छत दिसे आणि छतावर कॉम्प्युटर नव्हता.

ही बातमी गल्लीत गेली आणि सल्ले यायला लागले. शेजारच्या रुक्माबाईंचं म्हणणं, खाटेसकट माणूस भिंतीला उभा करावा आणि पोटाला पदर बांधावा. “देवघरातला आमचा लाकडी सोपानदेव आमी असाच उभा करतो, भाऊजी. कवाच पडला नाई.” पलीकडचे उत्तमसिंग पोस्टातून निवृत्त झाले होते आणि जगातलं कोणतंही काम हे पत्ता नीट लिहिण्याइतकं सोपं आहे असं समजत. त्यांनी सुचवलं, छताला आरसा लावा. कॉम्प्युटर पायाशी, आरसा वर, बघणारा खाली.

विमलताईंच्या कपाटाचा आरसा काढून छताला बांधला. कॉम्प्युटर लावायच्या आधीच भगवानरावांनी वर पाहिलं, आणि वरून एक वाळलेला, दाढी वाढलेला म्हातारा त्यांच्याकडे टक लावून बघत होता. पडल्यापासून त्यांनी स्वतःला पूर्ण असं पाहिलंच नव्हतं. त्यांना गलबलून आलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि त्या म्हाताऱ्याकडे संशयानं पाहिलं; त्यानंही पाहिलं. कॉम्प्युटर लावल्यावर सगळी अक्षरं उलटी दिसली, म्हणून आरसा निघाला, हे एका परीनं बरंच झालं.

यवतमाळच्या एका कार्यालयात अपंगांना साहित्य मिळतं, असंही उत्तमसिंगांनीच सांगितलं. अर्जदारानं स्वतः हजर राहणं आवश्यक. जो हजर राहू शकतो त्याला साहित्य कशाला, हा विचार त्या कार्यालयाला शिवला नव्हता. यवतमाळला निघालेल्या कापसाच्या मेटॅडोरवर गादी टाकून भगवानरावांना नेलं. वाटेत त्यांनी पडल्या पडल्या खालच्या मालात हात घालून तो ओला असल्याचं ड्रायव्हरला कळवलं. कार्यालयातले साहेब बाहेर येऊन मेटॅडोरच्या चाकावर पाय देऊन चढले.

“काय पाह्यजे?”

“झोपून कॉम्प्युटर वापरता येईन, असा स्टँड.”

“झोपून कायले?”

“बसता येत नाई.”

“मंग कॉम्प्युटर कायले?”

“काम कराचं हाये.”

साहेबांनी डोळे बारीक केले. “काम करता येते म्हन्ता, मंग अपंग कसे? आन अपंग असान, तं काम कसं करान? दोनातलं एक काय ते घरून ठरवून या.”

स्टँड मिळाला नाही. पण परतताना भगवानराव खुशीत होते. कितीतरी दिवसांनी त्यांना असा माणूस भेटला होता, ज्याच्या बोलण्यात दयेचा कणसुद्धा नव्हता.

शेवटी काम युनूसकडे गेलं. युनूसचं वेल्डिंगचं दुकान होतं. आर्णीत वेल्डिंगवाले आणखीही होते, पण घरी येऊन काम करायला तो एकटाच आनंदानं तयार झाला, आणि भगवानरावांच्या मनात पाल चुकचुकली ती इथंच. कारण युनूसचे अब्बा जमीरभाई. वीसेक वर्षांपूर्वी जमीरभाईंच्या गाडीत भगवानरावांनी हात घातला आणि बोटं दगडाला लागली. चांगला थोरला, चपटा दगड. साऱ्या केंद्रादेखत गाडी रांगेतून बाहेर काढली गेली. जमीरभाई मरेपर्यंत सांगत राहिले, की तो दगड आमचा नाही, आला असेल कुठून तरी. आणि ‘असेल’ या शब्दाचं भगवानरावांना काय होई ते वर सांगितलंच आहे. पुरावा म्हणून तो दगड त्यांनी घरी आणला. विमलताईंनी तो न्हाणीत बसवला आणि त्यावर कपडे धुवायला सुरुवात केली.

आता त्याच जमीरभाईंचा मुलगा भगवानरावांच्या डोक्यावर लोखंड टांगणार होता.

युनूसनं यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या कारखान्यातून भंगारातला लोखंडी अँगल आणला आणि खाटेभोवती चार खांब उभे करून वर आडवे दांडे टाकले. त्यावर कॉम्प्युटरचा तो जुना, पोट सुटलेला, जडशीळ टीव्ही तोंड खाली करून पक्का बसवला. भगवानरावांना पडदा दिसला. पण विमलताईंना भगवानराव दिसेनात. चादर बदलताना त्यांचं डोकं दांड्याला आपटे, चहा पाजायचा तर बशी आडवी सारावी लागे. “भाऊजी पेटीत ठेवल्यावानी दिसून राह्यले,” असं रुक्माबाई म्हणाल्या, आणि विमलताईंनी त्याच दिवशी युनूसला परत बोलावलं.

मग युनूसनं युक्ती काढली. विहिरीवरची दोन जुनी चाकं दांड्यावर बसवायची, त्यांवरून दोर न्यायचा. एका टोकाला कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला तितकंच वजन. बोटानं ओढला की खाली येईल, बोटानं ढकलला की वर जाईल.

वजन कशाचं, यावर चर्चा झाली. ते टोक मधल्या खोलीच्या दारात लोंबकळणार होतं आणि तिथून सगळ्यांची ये-जा. लोखंड लावलं आणि दोर तुटला तर जाणाऱ्यायेणाऱ्याचा कपाळमोक्ष. “कापूस लावा,” विमलताई म्हणाल्या. “घर भरून पडला हाये. पडला तरी कोनाले लागनार नाई.” सगळ्यांना पटलं. उत्तमसिंगांनी तर शाबासकी दिली. दोर तुटला तर दुसऱ्या टोकाचं काय आणि कुणाच्या नाकावर, हे त्या गडबडीत कुणाला आठवलं नाही. भगवानरावांना आठवलं होतं, पण बोललो तर भ्यालो असं होईल म्हणून ते गप्प बसले. विमलताईंनी आत जाऊन जुन्या लुगड्यात कापसाचं गाठोडं बांधून आणलं, तराजूत धरावं तसं युनूसनं ते चिमूट चिमूट भरून काट्यावर आणलं, आणि कॉम्प्युटर हवेत उभा राहिला.

भगवानरावांनी एक बोट लावलं. कॉम्प्युटर वर गेला. ओढला, खाली आला. पडल्यापासून पहिल्यांदा एक वस्तू त्यांच्या एकट्याच्या मनाप्रमाणे हलली होती. त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला काहीतरी तक्रार करणं भाग होतं. “चाक कुरकुरते,” ते म्हणाले. युनूसनं निमूटपणे दोन्ही चाकांना ग्रीस लावलं.

पोटावर पाट, पाटावर कीबोर्ड, कुशीला पोळपाट आणि पोळपाटावर माऊस, अशी मांडामांड झाली. माऊसमध्ये पीठ जाई आणि पोळ्यांना प्लास्टिकचा वास येई, पण विमलताईंनी तेवढं चालवून घेतलं. भारनियमनातून वाचलेली वीज दुपारी येई. तेवढ्या वेळात काम. परवेजनं एका कागदावर मजकूर आणि पेनड्राइव्हमध्ये मागच्या कुठल्याशा लग्नाची पत्रिका दिली. “हिच्यावरच नवे नावं टाका. बाजाराच्या दिवशी नेतो.” लग्न ढाणकीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं होतं. ‘आमची एकुलती एक कन्या चि. सौ. कां. खुशी’ हे भगवानरावांनी एकेक अक्षर तपासत वर टाकलं आणि त्यांना पुन्हा केंद्रावर गेल्यासारखं वाटलं.

आणि मग ते पालीचं शेपूट.

आधी त्यांनी मनाची समजूत घातली. पण तिसऱ्या प्रहरी तर त्यांच्या श्वासानं काच धुरकटायला लागली. वर ढकलला की थोडा वेळ थांबे, आणि ते टाइप करण्यात गुंतले की हळूच खाली यायला लागे. चोर असाच येतो.

“तुमचा वहेम हाये,” विमलताई म्हणाल्या.

“वहेम नाई. युनूस हाये.”

उत्तमसिंगांनी दार लावून घेतलं आणि खाटेशी टेकले. “भगवानराव, म्या पयलेच म्हनणार होतो. ते ग्रीस कायले लावलं त्यानं? इतकं ग्रीस कोनी लावते काय?” ग्रीस कुणाच्या तक्रारीवरून लागलं, ते भगवानराव सोयीनं विसरले होते. दोघांनी मिळून सगळा कट उलगडला. मुलगा वीस वर्षं वाट बघतो, वेल्डिंग शिकतो, आणि बापाच्या अपमानाचा वचपा ग्रेडरच्या नाकावर काढतो. पुराव्यात एकच उणीव होती, युनूसनं हे ग्रेडर गंजीवरून पडण्याच्या आधीच ठरवलेलं असायला हवं होतं. ती गंजीसुद्धा मग संशयात आली.

युनूसला बोलावणं गेलं. रुक्माबाईही आल्या, उगाच.

“युनूस, खरं सांग. जमीरभाईचा वचपा काढून राह्यला काय?”

युनूस आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. “काकाजी, मले मारायचंच असतं तं इतका अँगल कायले वाया घालवला असता? तुमी आमच्या अब्बाले चोर म्हटलं. आता मले खुनी म्हन्ता. बाजार झाला का म्या माहा सामान काढून नेतो. मंग पाहा छत.”

तो गेला. दाराबाहेर त्याची फटफटी किती तरी वेळ सुरूच होत नव्हती आणि सगळ्यांना ते ऐकत बसावं लागलं. भगवानरावांना आतून चुटपुट लागली. पण संशय मागे घ्यायची सवय त्यांना कधीच नव्हती. एकदा बाहेर काढलेली गाडी त्यांनी रांगेत परत घेतल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी वीज आली, विमलताई नळावर गेल्या आणि भगवानराव शेवटच्या ओळींना लागले. पत्रिका झाली की परवेज येणार आणि मग युनूस येऊन सगळं सोडून नेणार. ही एवढीच संधी होती. घाईत त्यांनी वर लक्ष दिलं नाही, आणि कॉम्प्युटर या वेळी सावकाश न येता सरळ आला. दोर दारात सळसळला, गाठोडं वर जाऊन चाकाला अडकलं आणि टीव्हीचं जडशीळ धूड पोटावरच्या पाटावर येऊन विसावलं. पाट होता म्हणून भगवानराव वाचले. पण दोन्ही हात खाली दबले आणि नाक काचेला चिकटलं.

ओरडावं तर लोक जमणार. लोक जमले की ‘अरे अरे’ म्हणणार. त्यापेक्षा हे बरं, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात उत्तमसिंग खिडकीतून डोकावले.

“काय भगवानराव! लय मन लावून काम चाललं!”

“हो,” काचेतून आवाज आला.

उत्तमसिंग कौतुक करत निघून गेले. आता नाकासमोर फक्त एक ओळ उरली होती, पत्रिकेतली सगळ्यात खालची. दुसरं वाचायला काहीच नसल्यामुळे भगवानरावांनी ती वाचली, पुन्हा वाचली, आणि असा माल समोर आल्यावर पूर्वी जसे त्यांचे डोळे बारीक होत तसे झाले. ‘आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ आणि खाली तीन लहान पोरांची नावं.

मुलगी एकुलती एक. तिला भाचरं कुठून आली?

विमलताई आल्या. डोक्यावरची घागर तिथंच टेकवून त्यांनी दोर ओढला, खांबाला गुंडाळला आणि मग भगवानरावांचं नाक चोळत त्या रडायलाच लागल्या. “आवाज कायले नाई देल्ला? कायले नाई देल्ला?” भगवानरावांना त्यांचा हात धरावासा वाटला. धरला. पण डोक्यात चक्र सुरू झालं होतं. एका टोकाचं वजन वाढलेलं नाही. मग दुसऱ्या टोकाचं कमी झालं.

“ते गाठोडं इकडं आन.”

“कायले? असू द्या न आता.”

“आन म्हन्तो न.”

विमलताईंनी गाठोडं काढून खाटेच्या कडेला धरलं. भगवानरावांनी बाही सरकवली आणि लुगड्याच्या फटीतून हात आत घातला. मनगटापर्यंत कोरडा. पुढे घातला. कोपरापर्यंत गेला आणि बोटं थांबली. गाठोड्याच्या पोटात कापूस दमट होता, गरम होता आणि त्याला तो ओळखीचा आंबट वास होता. बाहेरून वाळत वाळत ओल आत सरकली होती. किती तरी दिवसांनी त्यांचा हात त्याच्या जागी गेला होता आणि त्याला चूक होणं शक्य नव्हतं.

“ह्याच्यात पानी मारलं हाये,” भगवानराव हळू आवाजात म्हणाले.

विमलताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“ग्रेडरच्या घरचा कापूस,” भगवानराव म्हणाले, “आन पानी!”

“मंग?” विमलताई एकदम उसळल्या. “सोमवारी केंद्र उघडते म्हने, म्हून मारलं. उघडलं नाई तं म्या काय करू? साऱ्या गावाचा वल्ला, माहा एकटीचाच कोरडा? कोरड्याले कोन इनाम देते?”

“कवापासून मारते तू?”

“तुमी नोकरीत होते तवापासून. आपला माल आपल्या हातानं नाई पाहाचा म्हून तुमीच तं तो दुसऱ्या केंद्रावर धाडत जा. तिथल्या ग्रेडरनं कवाच हात घातला नाई. म्हने, भगवानरावांचा माल हाये, त्याच्यात काय पाहाचं!”

भगवानरावांनी डोळे मिटले. जिल्ह्यातल्या कुठल्याही गाडीत त्यांनी हात घातला असता. जिच्यात घालायचा नाही असं त्यांनी प्रामाणिकपणे ठरवलं होतं, तेवढी एकच गाडी सुटली होती. रागवावं की शरमावं हे त्यांना कळेना. आणि मग, त्यांच्या स्वतःच्या इच्छेविरुद्ध, त्यांचं पोट हलायला लागलं. पाटावरचा कीबोर्ड खडखडला. ते हसत होते.

“युनूसले बलाव,” शेवटी ते म्हणाले. “म्हनावं, काकाजी चुकले.”

विमलताई बघतच राहिल्या. एवढं ऐकायला त्यांना आख्खा संसार लागला होता.

युनूस फुगलेल्या तोंडानं आला. गाठोड्यात हात घालून पाहिला, विमलताईंकडे पाहिलं आणि त्याचं तोंड आपोआप खाली बसलं. “मंग वजन कायचं लावाचं? वाळनार नाई असं कायतरी पाह्यजे.”

भगवानरावांनी न्हाणीकडे बोट केलं.

साबणानं गुळगुळीत झालेला तो चपटा दगड युनूसनं उचलून आणला. त्याला घागरीला घालतात तशी दोराची पक्की काढणी घातली, मागं खिळ्यांची एक पिशवी जोडून वजन जुळवलं आणि या वेळी गाठीशेजारी आणखी एक गाठ मारली. कॉम्प्युटर वर गेला आणि जागच्या जागी थांबला. भगवानरावांनी पाल शोधली. डोक्यापासून शेपटापर्यंत दिसत होती.

तेवढ्यात परवेज आला. पडद्याकडे मान वाकडी करून बघत होता तोच भगवानरावांनी विचारलं, “परवेज, हे पोरं कोनाचे?”

“कोनते?”

“मावशीच्या लग्नाले बलावनारे. पोरगी एकुलती एक, तुह्या कागदात पोरं नाईत, मंग हे आले कुठून?”

परवेजनं कपाळावर हात मारला. “मागच्या पत्रिकेतले राह्यले! काकाजी, मागच्या साली एका पत्रिकेत जुन्या नवरीचं नाव तसंच राह्यलं होतं. मांडवात खुर्च्या उडाल्या, माही प्रेस जाळाले निघाले होते लोक. म्हून तं म्या तुमच्याकडं आलतो. टायपिस्ट लय भेटतात. मले संशयी मानूस पाह्यजे होता, आन साऱ्या आर्णीत तुमच्याइतका संशयी मानूस नाई.”

भगवानरावांनी ते वाक्य नीट ऐकून घेतलं. सवयीप्रमाणे त्यात कोपरापर्यंत हात घातला, तळ चाचपला, कोपरे चाचपले. दया नव्हती. कुठंच नव्हती. ते छताकडे बघू लागले, जे आता निम्मंच दिसत होतं.

“लग्नसराई तुमची,” परवेज म्हणाला. “पण काकाजी, हे वर टांगलं, ते पडनार तं नाई?”

“कसं पडन?” युनूस छाती काढून म्हणाला आणि त्यानं दारातल्या दगडावर थाप मारली. “आमच्या अब्बाचा दगड हाये तो!”

जो दगड वीस वर्षं त्या घराण्याचा नव्हता, तो आत्ता दोन साक्षीदारांसमोर झाला होता. भगवानरावांच्या डोळ्यांत जुनी चमक आली, त्यांनी तोंड उघडलं. युनूसची जीभ दाताखाली गेली. मग भगवानरावांची नजर वर न हलणाऱ्या कॉम्प्युटरकडे गेली, दगडाकडे गेली, आणि त्यांनी उघडलेलं तोंड दुसऱ्या कामाला लावलं.

“विमल, दोघाइले च्या दे. चांगला दुधाचा दे.”

“देतो,” विमलताई आतून म्हणाल्या.

मग काहीतरी आठवून भगवानरावांच्या कपाळाला आठी पडली. वर्षानुवर्षं ते त्या दूधवाल्याला बोलत आले होते.

“अवो,” त्यांनी हळूच विचारलं, “दुधात पानी तं तू नाई न टाकत?”

“दोघाइले साखर किती टाकू?” विमलताईंनी आतून विचारलं.